गॅस खालून बंद

माणूस दुसऱ्याच्या घरी जावई असतो, हे सर्वमान्य आहे. पण स्वतःच्या घरात, दारावर स्वतःच्या नावाची पाटी असताना जावई होऊन राहण्याची पाळी फार थोड्यांवर येते. या गोष्टीतल्या गृहस्थांवर ती आली. सासूबाई गेल्यानंतर सासरेबुवा लेकीकडे राहायला आले, आणि ते अत्यंत सभ्य असल्यामुळे जावयाला 'जावईबापू' म्हणत. घरात म्हणत, जिन्यात म्हणत, कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानातही म्हणत. पाहता पाहता ते सगळ्या इमारतीच्या तोंडी बसलं. पन्नाशीला टेकलेल्या, विमा कंपनीच्या आग विभागात दावे तपासणाऱ्या, ज्याच्या नुसत्या खाकरण्याने अर्जदार चाचरतात अशा अधिकाऱ्याला पोस्टमनसुद्धा 'जावईबापू, सही' असं म्हणू लागला.

जावईबापूंनी हे सहन केलं. त्यांच्या मनाला लागत होतं ते वेगळंच. ज्याला आपण उठताबसता जावईबापू म्हणतो, त्याच्या घरी आपण पाहुणे असतो. सासरेबुवांना हे घर आपलं वाटत नव्हतं, एवढाच त्या मानाच्या हाकेचा अर्थ होता.

आणखी पुरावा हवा असेल तर ती बॅग होती. तपकिरी, दोन पट्ट्यांची. आल्या दिवशी ती कॉटच्या उशाशी ठेवली गेली आणि तिथेच राहिली. लेकीने कपाट रिकामं करून, खणांत नवा कागद अंथरून दिला होता. सासरेबुवांनी कपाटाचं मनापासून कौतुक केलं आणि शर्ट बॅगेतून काढून घालण्याचा, धुऊन आला की घडी करून बॅगेत परत ठेवण्याचा क्रम चालू ठेवला. या माणसाने सगळं आयुष्य एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात, मांस भाजायच्या ग्रिलपुढे उभं राहून काढलं होतं. कोपरापर्यंत दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग होते. आता तो ताटासमोर बसायचा, दोन घास खायचा, 'छान झालंय' म्हणायचा आणि ताट हलकेच पुढे सरकवायचा.

एके दिवशी त्यांनी जेवताना सांगितलं, की गावाबाहेर ज्येष्ठांसाठी एक निवास आहे, तिथली एक खोली येत्या रविवारी रिकामी होतेय. निवासाची गाडी न्यायलाही येते.

"किती दिवस पाहुणचार घ्यायचा?" ते म्हणाले.

लेक उठली, न्हाणीघरात गेली आणि तिने नळ सोडला. नळ बराच वेळ वाहत राहिला. जावईबापूंना बायकोच्या आवाजापेक्षा त्या नळाच्या आवाजाची जास्त भीती वाटे, कारण बायकोच्या आवाजाला उत्तर देता येतं. त्यांना काहीतरी बोलणं भाग होतं, आणि ते नको ते बोलून गेले.

"बाबा, जायच्या आधी एकदा माझ्या हातचं स्टेक खाऊन जा."

जावईबापूंनी आजवर अंडं उकडण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं, आणि त्या अंड्यांबद्दलही घरात दुमत होतं. सासरेबुवांनी मान वर केली.

"घरात? स्टेकला आच लागते, जावईबापू. मांसाचा तुकडा टाकला की आवाज आला पाहिजे. आवाज नाही आला तर तुकडा उचलायचा आणि गुमान घरी जायचं."

कित्येक महिन्यांनंतर त्यांच्या तोंडून सलग इतकी वाक्यं आली होती. न्हाणीघरातला नळ बंद झाला. आता माघार घेणं शक्य नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी जावईबापू एका दुकानात उभे होते. मोठी ग्रिलं मोटारीएवढी होती आणि त्यांची बाल्कनी मोटारीएवढी नव्हती, म्हणून त्यांनी सर्वांत छोटं, दोन बर्नरचं, झाकण असलेलं ग्रिल निवडलं. दुकानदाराने त्याचे अनेक गुण सांगितले. त्यांतला एकच जावईबापूंच्या काळजाला भिडला.

"याचा रेग्युलेटर फार सावध आहे, साहेब. चावी उघडताच गॅस एकदम धावला ना, की त्याला वाटतं नळी फुटली. मग तो गॅस दाबून धरतो. थेंब थेंब सोडतो म्हणा ना. आगीची भीतीच नाही!"

जावईबापूंना गहिवरून आलं. आगीची भीती हा त्यांचा पेशा होता. आपल्याच स्वभावाचं यंत्र बाजारात मिळतंय हे पाहून त्यांनी घासाघीससुद्धा केली नाही.

इथे या घराची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. ही रीत सासूबाईंची. नवरा दिवसभर आगीशी खेळून घरी येई, आणि बाईंचा आगीवर काडीचाही विश्वास नव्हता. त्यांच्या मते शेगडीच्या बटणांवर भरवसा ठेवणारा माणूस बेजबाबदार. गॅस खालून, सिलिंडरपाशीच बंद करायचा. ज्योत आपोआप विझते, मग बटण उघडं राहिलं काय नि मिटलं काय. रोज झोपायच्या आधी त्या विचारत, "अहो, गॅस खालून बंद केला का?" आणि सासरेबुवा उठून बघून येत. बटणांना हात लागे तो फक्त प्रवासाला निघताना. दाराला कुलूप लावता लावता बाईंचा दुसरा प्रश्न येई, "आणि वरून?" तेव्हा सगळी बटणं एकेक करून मिटली जात. ही रीत लेकीबरोबर सासरी आली आणि लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात जावईबापूंच्या अंगवळणी पडली. या घरात सिलिंडर न चुकता बंद होई आणि बटणं वर्षानुवर्षं उघडी राहत. स्वयंपाकघरातल्या साध्या शेगडीने कधी तक्रार केली नव्हती.

ग्रिल जोडून झालं. बटणं सुरळीत फिरतात की नाही हे जावईबापूंनी ती पूर्ण फिरवून पाहिलं आणि रीतीप्रमाणे तशीच उघडी सोडली. मग लांब काडी पेटवून बर्नरपाशी धरली आणि गॅस सर्वांत शेवटी यावा या खबरदारीने सिलिंडरची चावी एका झटक्यात पुरी उघडली.

ज्योत आली. निळी, नम्र आणि करंगळीच्या नखाएवढी.

"मंद आहे का जरा?" बायकोने विचारलं.

"तापायला वेळ द्यावा लागतो," जावईबापू म्हणाले. ऑफिसातही ते अर्जदारांना असंच सांगत.

वेळ दिला. भरपूर दिला. मग तुकडा जाळीवर ठेवला. आवाज आला नाही. तुकडा तिथे पडून राहिला, राखाडी झाला, त्याला पाणी सुटलं आणि त्या पाण्यात तो उकडत बसला. सासरेबुवांनी एक घास घेतला, पुष्कळ चावला आणि रुमालाने तोंड टिपलं.

"शिजलंय," ते म्हणाले.

ग्रिलपुढे आयुष्य काढलेल्या माणसाने स्टेकला 'शिजलंय' म्हणावं, यापेक्षा मोठा पाणउतारा नसतो, हे जावईबापूंना तेव्हा माहीत नव्हतं. रात्रीच्या आत बायकोने माहीत करून दिलं. सासरेबुवा मात्र उठले, बाल्कनीत गेले, वाकून सिलिंडरची चावी बंद केली आणि कॉटवर जाऊन बसले. कोणी विचारलं नव्हतं. आता विचारणारं कोणी नव्हतंच.

बाल्कनीतली गोष्ट गुप्त राहत नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर कठड्यावरून वाकून म्हणाले, "जावईबापू, वारा लागतोय. आडोसा करा." जावईबापूंनी ऑफिसातून आणलेल्या जाड पुठ्ठ्यांचा आडोसा केला. ज्योत तेवढीच राहिली, पण आडोसा मात्र पेटला. तो विझवताना बायकोच्या दोन कुंड्यांतली रोपं पाण्याने मेली, आणि ती कुणाची चूक यावर त्या घरात अजून एकमत नाही.

शेजारचे ड्रायव्हरकाका आयुष्यभर बस चालवून निवृत्त झाले होते आणि जगातलं प्रत्येक यंत्र ही त्यांच्या लेखी चढावर अडकलेली बस होती.

"दम लागलाय तिला," ते ग्रिलला कान लावून म्हणाले. "नळीत कचरा. फुंकून काढा."

जावईबापूंनी नळी फुंकली. काकांनी फुंकली. डॉक्टरांनी आपलं दवाखान्यातलं हवेचं उपकरण आणून फुंकली, आणि जाता जाता जावईबापूंच्या एका दाढेकडे पाहून भुवया उंचावल्या. नळी लख्ख झाली. ज्योत नखाएवढीच राहिली. जाळीखाली विटा ठेवून झाल्या, विटा काढून झाल्या. झाकण लावून पाहिलं, उघडून पाहिलं. सिलिंडर बदलून आणला. दर वेळी जावईबापू काडी धरून चावी एका झटक्यात उघडत, दर वेळी तुकडा उकडे, आणि दर वेळी सासरेबुवा येऊन, न बोलता, गॅस खालून बंद करून जात. बटणांकडे बघायचं कोणाच्या मनातच आलं नाही. डॉक्टर आणि काका येत तेव्हा ग्रिल पेटलेलं असे, त्यामुळे त्यांना उघडी बटणं योग्यच वाटत, आणि या घरच्या माणसांना बटणं दिसतच नसत.

मग सोसायटीचे सेक्रेटरी आले. हा गृहस्थ नियम मोडलेला बघून आनंदी होणाऱ्यांपैकी होता, आणि त्या दिवशी तो फार आनंदात होता.

"बाल्कनीत उघडी ज्योत चालत नाही, जावईबापू. वाळूची बादली पाहिजे. जाड घोंगडी पाहिजे. आणि विमा कंपनीची हरकत नसल्याचा कागद."

"कुठल्या विमा कंपनीची?"

"इमारतीचा विमा आहे ना, तिचीच. म्हणजे तुमचीच."

दुसऱ्या दिवशी जावईबापू आपल्याच ऑफिसात, आपल्याच विभागात, अर्जदारांच्या बाकावर बसले. वरिष्ठांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"बाल्कनीत ग्रिल. तुम्ही?"

"हो साहेब."

"गेल्या वर्षी त्या बेकरीवाल्याचा दावा तुम्हीच फेटाळला होता. काय शेरा होता तुमचा? 'सुजाण माणूस राहत्या घराला लागून आग पेटवत नाही.' आम्ही तो नव्या लोकांना वाचून दाखवतो."

 जावईबापूंनी खाली बघत खरं ते सांगितलं. सासरे रविवारी चाललेत, त्यांनी थांबावं असं वाटतं, दुसरा काही उपाय सुचत नाही.  वरिष्ठांचेही वडील कुठेतरी राहत होते. त्यांनी सही केली आणि आवाज उगाच करडा करून विचारलं, "तापतं का नीट?"

"नाही, साहेब."

"मग हरकत कसली असणार?"

रविवार उजाडला. निवासाची गाडी दुपारी यायची होती. सासरेबुवांनी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला आणि बॅगेच्या पट्ट्या आवळल्या. बाल्कनीत सेक्रेटरी वाळूची बादली घेऊन उभे होते, ड्रायव्हरकाका घोंगडी घेऊन उभे होते आणि वरून डॉक्टर ओणवे होऊन पाहत होते. जावईबापूंनी नवा एप्रन बांधला होता. त्यांना वाटत होतं, आज जमलं तर म्हातारा हसेल, चार घास खाईल, आणि मग कदाचित बॅग उचलताना त्याचा हात जरा अडेल. यापुढचं त्यांच्याच्याने ठरववत नव्हतं. आपला नवरा इतका वेडेपणा आपल्या बापासाठी करतोय हे बायकोला दिसत होतं, म्हणून ती सकाळपासून त्याच्याशी एक शब्दही वाकडा बोलली नव्हती. त्याने जावईबापू आणखीच घाबरले होते.

काडी धरली. चावी उघडली. ज्योत आली, नखाएवढी.

 काकांनी घोंगडीची घडी दुसऱ्या हातात घेतली. जावईबापूंनी तुकडा ठेवला. तो नेहमीसारखा गप्प पडून राहिला. त्यांनी तो उचलून ताटलीत काढला, चिमटा खाली ठेवला, एप्रनची गाठ सोडली, आणि भर लोकांत त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी सेक्रेटरींकडे पाठ केली, पण समोर काका होते.

सासरेबुवा खुर्चीतून उठले. त्यांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला.

"फार कष्ट घेतलेत, जावईबापू."

मग वाकून सिलिंडरची चावी बंद केली आणि बॅग घ्यायला आत वळले. स्वयंपाकघरात लेक वाटेत खायला म्हणून डबा भरत होती. ती पाठमोरीच होती, रडायचं नाही असं ठरवून हात चालवत होती, आणि तिच्या तोंडून आपोआप निघून गेलं,

"गॅस खालून बंद केला का?"

सासरेबुवा दारातच थांबले. आवाज लेकीचा होता, विचारण्याची चाल तिच्या आईची होती.

"केला," ते म्हणाले.

"आणि वरून?"

विचारून झाल्यावर तिला समजलं आपण काय विचारलं. हा प्रवासाला निघतानाचा प्रश्न होता. तिने डबा ओट्यावर ठेवला आणि तोंडावर पदर धरला.  बाई होत्या तोवर या प्रश्नाला 'हो' म्हणून सुटका कधीच झाली नव्हती. बघूनच यावं लागे. सासरेबुवा परत फिरले, बाल्कनीत आले, ग्रिलसमोर वाकले.

"ही तर दोन्ही उघडीच आहेत," ते म्हणाले. "पुरी उघडी."

आणि त्यांनी एकेक करून ती मिटली.

जावईबापू ओल्या डोळ्यांनी त्या बटणांकडे बघत होते. त्यांच्या डोक्यात हळूहळू एक दुकानदार बोलू लागला. चावी उघडताच गॅस एकदम धावला ना, की त्याला वाटतं नळी फुटली. बटणं उघडी, आणि चावी झटक्यात. म्हणजे दर वेळी आपण त्या सावध यंत्राला दचकवलं होतं, आणि त्याने आपल्याच इमानाला जागून गॅस दाबून धरला होता. अर्जदाराने काही विचारायच्या आधीच दावा फेटाळणारे अधिकारी त्यांनी पाहिले होते. आरशात रोज पाहत होते.

"बाबा," ते म्हणाले, "एकदा परत. बटणं अशीच मिटलेली राहू द्या. आधी खालून उघडा. पण हळू."

"माझ्या बोटांनी हळूच उघडतं आता," सासरेबुवा म्हणाले.

त्यांची सांधे सुजलेली बोटं चावीवर सावकाश, सावकाश फिरली. मग जावईबापूंनी काडी धरली आणि सासरेबुवांनी एक बटण उघडलं.

भक्कन आवाज झाला. सेक्रेटरींनी वाळूची निम्मी बादली स्वतःच्या बुटांवर ओतली. ज्योत जाळीखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली आणि घुमत राहिली. सासरेबुवांनी दुसरं बटण उघडलं, झाकण लावलं आणि कोणालाही जवळ येऊ दिलं नाही. बऱ्याच वेळाने झाकण उघडून त्यांनी जाळीवर तळहात धरला. डाग पडलेला, जुना तळहात. धरला आणि लगेच मागे घेतला.

"हां," ते म्हणाले.

त्या एका 'हां'नंतर माणूस बदलला. त्यांनी जावईबापूंच्या चिमट्याकडे पाहिलं आणि तो बाजूला टाकला. आत जाऊन बॅगेच्या पट्ट्या सोडल्या, शर्ट भराभर उपसून कॉटवर टाकले आणि तळाशी घडी केलेल्या जाड पांढऱ्या एप्रनमधून एक लांब, काळा पडलेला चिमटा बाहेर काढला. एप्रन बांधतच ते बाल्कनीत आले.

"तुकडा पुसून कोरडा कर. कोरडा म्हणजे कोरडा! पाणी राहिलं तर उकडणार. मीठ कुठंय? अरे, उभा काय राहिलास मख्खासारखा? मीठ आण!"

जावईबापूंनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मख्ख ते स्वतःच होते. आग विभागाचा अधिकारी मिठासाठी धावत सुटला, आणि धावताना त्याच्या चेहऱ्यावर असं काही सुख होतं की वरून डॉक्टरांना त्याच्या सगळ्या दाढा दिसल्या.

तुकडा जाळीवर पडला. चर्रर्र असा आवाज झाला, आणि तो आवाज आतपर्यंत, ओट्यापाशी उभ्या असलेल्या लेकीपर्यंत गेला. बापाच्या कपड्यांना येणाऱ्या ज्या वासात तिचं लहानपण गेलं होतं, तो वास बाल्कनीतून घरात आला. ती कॉटपाशी गेली. तिथे पडलेले शर्ट तिने एकेक करून उचलले आणि कपाटात, नव्या कागदावर ठेवले. रिकामी बॅग पायाने कॉटखाली सरकवली.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. मग पुन्हा वाजला. सेक्रेटरी बूट झाडत म्हणाले, "निवासाची गाडी आलीय वाटतं."

सासरेबुवांनी मान वळवली नाही. "सांगा त्याला, मी आचेवर उभा आहे. आचेवरचा माणूस जागा सोडत नाही."

ड्रायव्हरकाका घोंगडीसकट खाली निरोप घेऊन गेले. काही वेळाने ते गाडीच्या ड्रायव्हरलाच वर घेऊन आले, कारण त्यांच्या मते उपाशी ड्रायव्हरला परत पाठवणं हा गुन्हा होता. सगळे बाल्कनीच्या दारात दाटीवाटीने उभे राहून जेवले. सासरेबुवांनी आपलं ताट संपवलं आणि लेकीच्या ताटातला बटाटाही न विचारता उचलला. गाडी रिकामीच गेली.

"कसं झालंय, बाबा?" जावईबापूंनी विचारलं.

"मीठ जास्त घातलंस. पुढच्या रविवारी हात आवर."

सगळे पांगले. आतून बायकोने भांडी आवरता आवरता विचारलं, "गॅस खालून बंद केला का?"

"केला," दोघेही एकदम म्हणाले, आणि दोघेही उठून बघायला गेले.